शेवटी बोलणारे काका

लंडनच्या क्रॉयडनमध्ये लोकांच्या छपरांचे कोन मोजत हिंडणारा माणूस मी एकच पाहिला, आणि माझी भाड्याची खोली नेमकी त्याच्याच घरात होती. शाळेच्या कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा कोनमापक, त्याच्या मध्यावर बांधलेला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला लोंबणारा एक गंजका नट, एवढंच त्यांचं यंत्र. ट्रामच्या स्टॉपवर उभे असताना ते खिशातून काढायचे, एक डोळा मिटून समोरच्या घराच्या छपराला लावायचे आणि शेजारी उभ्या असलेल्या, ओळख ना पाळख अशा बाईला गंभीरपणे सांगायचे, "थर्टी-एट डिग्रीज. नॉट गुड." ती बाई बिचारी त्यांना कौन्सिलचा माणूस समजून घाबरायची. माझ्यासमोर एकीने तर चक्क पत्रव्यवहाराचा पत्ता मागितला होता.

"अडतीस अंशांत वाईट काय आहे?" मी राहायला आले त्याच आठवड्यात विचारलं.

"घराला काहीच नाही. बर्फाला. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावरचा बर्फ घसरतो. कमी उतार असला तर बसून राहतो, फार जास्त असला तर साठतच नाही. अडतीस म्हणजे अगदी मधोमध."

"पण काका, क्रॉयडनमध्ये बर्फ पडतो कुठे?"

"म्हणून तर इथे सवय करायची. तिथे गेल्यावर शिकायला लागलेले तिथेच राहतात."

तिथे म्हणजे स्कॉटलंडमध्ये. दर हिवाळ्यात, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, काका गाडीत फावडं, करवत आणि दोरखंड टाकून केर्नगॉर्मच्या डोंगरांत जायचे. इतर मराठी माणसं इकडे रिटायर झाली की गार्डनमध्ये मेथी लावतात, नातवंडांना पार्कात नेतात, नाहीतर मंडळाच्या कमिटीत भांडणं लावतात. काका बर्फात खड्डे खणायचे.

मूळचे सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर. इकडे येऊन त्यांनी उभा जन्म काँक्रीट तपासण्याच्या लॅबमध्ये काढला. कुठे पूल, कुठे इमारत उभी राहायला लागली की तिथल्या काँक्रीटचे ठोकळे त्यांच्याकडे यायचे, आणि ते ठोकळे मशीनमध्ये दाबून किती भाराला फुटतात हे बघणं हे त्यांचं काम. त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी फुटणारच आणि ती कुठून फुटेल हे आपल्याला आधी कळायला हवं, अशी त्यांची ठाम समजूत होती. ते सगळ्यावर टकटक करायचे. पावावर, कलिंगडावर, नव्या भिंतीवर, एकदा मिलिंदच्या वाढलेल्या पोटावरसुद्धा.

हा मिलिंद एजवेअरचा, कौन्सिलच्या प्लॅनिंग खात्यातला, आणि काकांच्या डोंगरवाऱ्यांतला जुना गडी. त्याच्या मुलीच्या पाचव्या वाढदिवसाची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. तीनमजली केक होता. घरात काका वयाने सगळ्यांत मोठे म्हणून मिलिंदची बायको कौतुकाने म्हणाली, "काका, मुलीच्या हाताला हात लावून तुम्हीच कापा." काकांनी सुरी घेतली आणि केकच्या मधोमध चारही बाजूंनी चर पाडून एक चौकोनी खांब मोकळा केला. मग त्या खांबावर उपडी बशी ठेवली आणि टकटक सुरू केली. आधी नुसत्या मनगटातून दहा. मग कोपरातून. सगळी पोरं श्वास रोखून बघत होती. कोपरातून चौथी टकटक पडली आणि केकचा वरचा मजला जॅमवरून सर्रकन घसरला तो थेट पुण्याहून आलेल्या मिलिंदच्या सासूबाईंच्या पैठणीवर.

"पाहिलंत?" काका आनंदाने म्हणाले. "वरचा केक उत्तम. खालचा केक उत्तम. घात केला तो मधल्या जॅमने. बर्फाचं अगदी हेच असतं."

ज्या मुलीचा वाढदिवस होता ती भोकाड पसरून रडत होती. सासूबाई पुढे कितीतरी दिवस काकांशी बोलत नव्हत्या. गंमत म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुलीने हट्ट धरला की काका येऊन टेस्ट करतील तेव्हाच मी केक कापीन.

मी नागपूरची. बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात वाढलेली. बर्फ मी पाहिला तो उसाच्या रसात. इकडे आले ती एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून, आणि चुका काढणं हाच माझा धंदा असल्यामुळे ऑफिसात माझी जीभ बरी चालते. डायरेक्टरच्या तोंडावर "हे रिलीज करू नका, पडेल" असं मी कितीदा सांगितलंय. पण घरी आले की मी तीच, वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणारी. काकू विचारायच्या, "आज पिठलं करू का गं?" मी म्हणायची, "चालेल." भात उरलाय तोच खातेस का? चालेल. काकांनी हे पंधरा दिवस ऐकलं आणि एके सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "ह्या घरात 'चालेल' हे उत्तर धरलं जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे 'हो' म्हण किंवा 'नाही' म्हण. 'चालेल' म्हणजे मनात काहीतरी आहे आणि ते तू गिळलंयस."

त्या घरात सगळ्या गोष्टी एका चमत्कारिक रिवाजाने ठरायच्या. बॉयलर बदलायचा का, गणपतीला कुणाला बोलवायचं, काहीही असो, आधी बोलायचं ते घरात सगळ्यांत नवीन आलेल्या माणसाने. म्हणजे मी. मग काकू. सगळ्यांत शेवटी काका. मला वाटायचं हा त्यांचा नुसता चक्रमपणा आहे. तो रिवाज डोंगरातून घरात आलाय हे मला त्यांच्याबरोबर पहिल्यांदा स्कॉटलंडला गेले तेव्हा कळलं.

आम्ही चौघं होतो. काका, मिलिंद, मी आणि लेस्टरची सोनल. सोनल इथेच जन्मलेली, फिजिओथेरपिस्ट, अंगाने घोड्यासारखी मजबूत आणि मराठी बोलताना मात्र जरा अडखळणारी. एजवेअरला मिलिंदला घ्यायचं, लेस्टरला सोनलला, आणि मग दिवसभर उत्तरेकडे गाडी हाकायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही मुक्कामाला असायचो त्या पायथ्याच्या बंकहाउसच्या टेबलावर काका आम्हाला हिमस्खलनाचा त्या दिवसाचा अंदाज मोठ्याने वाचायला लावायचे. एक गोल चक्र असतं, डोंगराच्या कुठल्या बाजूला किती धोका ते रंगांत दाखवलेलं. हिरवं, पिवळं, नारिंगी, लाल.

"आणि हे वाचून झाल्यावर विसरायचं नाही, पण ह्याच्यावर विसंबायचंही नाही," काका म्हणायचे. "हा अंदाज सगळ्या डोंगरांचा. आपण चालणार एका उतारावर."

मग उताराच्या पायथ्याशी, जिथे काही होण्यासारखं नाही अशा जागी, ते खड्डा खणायचे. त्याच्या भिंतीत बर्फाचे थर दिसायचे. करवतीने एक खांब मोकळा करायचा, त्याच्यावर फावड्याचं पातं ठेवायचं आणि टकटक. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. कितव्या टकटकीला कुठला थर सुटतो ते बघायचं. आणि मग आम्ही गोल उभे राहायचो आणि ज्याने त्याने सांगायचं, जायचं की नाही. सगळ्यांत नवीन माणसाने आधी. काका शेवटी. एकाने जरी "नाही" म्हटलं तरी सगळे परत. आणि "नाही" म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही, त्या वेळीही नाही आणि नंतरही नाही.

"तुम्ही शेवटी का?" मी विचारलं.

"मी आधी बोललो तर पुढे काही उरतच नाही. आपली माणसं कशी आहेत तुला माहीत आहे. वडीलधारा 'चला' म्हणाला की दरीतसुद्धा ओळीने चालत जातील."

त्या पहिल्या खेपेला माझी पाळी आली. समोरचा पांढरा उतार बघून मला तिथूनच मागे फिरावंसं वाटत होतं. तरी मी शहाण्यासारखी म्हणाले, "चालेल."

काकांनी फावडं उचललं आणि ते वळलेसुद्धा. "चला, परत. हिला भीती वाटतेय."

दहा तास गाडी चालवून आलेल्या मिलिंदने लगेच सॅक पाठीवर चढवली. मी ओशाळून मेले होते. बंकहाउसवर त्याने डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "मी पहिल्या वर्षी 'नाही' म्हटलं होतं तेव्हा माझी फक्त बुटांची लेस तुटली होती. खा."

दर वर्षी डोंगर एकच असायचा. तिथल्या जुन्या गेलिक भाषेतलं नाव होतं त्याला, आमच्यापैकी कुणालाच नीट म्हणता न येणारं. काका त्याला नुसतं "तो" म्हणायचे. अकरा हिवाळे ते त्याच डोंगराला गेले आणि अकराही वेळा त्याच उतारापासून परत आले. कधी वारा, कधी थर, कधी कुणाचं तरी "नाही". मंडळात ह्याच्यावर भरपूर हसून झालेलं होतं. काकू तर पाहुण्यांना सांगायच्या, "लोक स्कॉटलंडला डोंगर चढायला जातात. आमचे हे परत यायला जातात." उन्हाळ्यात का जात नाही असं कुणी विचारलं तर काका चिडायचे. उन्हाळ्यात तिथे लोक कुत्री घेऊन जातात, म्हणायचे.

हिवाळाच का, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. ते इकडे आले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. लॅबमध्ये ॲलन नावाचा एक स्कॉटिश सहकारी होता. डबा एकटेच खाणाऱ्या काकांना त्यानेच एकदा विचारलं, येतोस का आमच्याबरोबर डोंगरात? गेले. उधार घेतलेले बूट, दोन स्वेटर, बर्फ आयुष्यात पहिल्यांदा. त्या उताराच्या पायथ्याशी ॲलनने खड्डा खणला, टकटक केली आणि पाच अनुभवी गोऱ्यांना सोडून काकांकडे वळून विचारलं, "तुला काय वाटतं?"

"सहा वर्षांत ह्या देशात मला तसं कुणी विचारलं नव्हतं गं," काका म्हणाले. "हे कर, ते कर, हे फोड, ते लिही. तुला काय वाटतं, हे नाही. मी म्हणालो, मला भीती वाटते. तो म्हणाला, राइट, आणि सगळे परत फिरलो. कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. गाडीत बसताना म्हणाला, पुढच्या वर्षी येऊ, डोंगर इथेच आहे."

पुढच्या वर्षापर्यंत ॲलन आजारी पडला आणि त्यातच गेला. काका लगेच तिकडे फिरकले नाहीत. नोकरी, मुलं, घर, ह्यात वर्षं गेली. रिटायर झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी फावडं विकत आणलं. त्या माथ्यावर एकदा, हिवाळ्यातच, जाऊन यायचं. त्यांना बाकी काही नको होतं.

माझ्या तिसऱ्या खेपेला काका चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि त्यांचा उजवा गुडघा संपत आला होता. सोनलने तपासून सांगितलं होतं, "काका, आतली कार्टिलेज ऑलमोस्ट गेलाय. ऑपरेशन करावंच लागणार." एप्रिलची तारीख मिळाली होती. नंतर हिवाळ्यात डोंगर चढता येईल का, ह्यावर सर्जन फक्त "वी विल सी" म्हणाला होता. "वी विल सी" म्हणजे नाही, असं काकांनी घरी येऊन काकूंना सांगितलं. म्हणजे ही त्यांच्या हिशेबाने शेवटची खेप होती. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं.

दिवस असा उजाडला की बघत राहावं. निळंभोर आभाळ, ऊन, वाऱ्याचा मागमूस नाही. अकरा वर्षांत असा दिवस मिळाला नव्हता म्हणे. पण आधीचे दोन दिवस तुफान वारा होता आणि त्याने पलीकडचा सगळा बर्फ उचलून आमच्या उतारावर आणून टाकला होता. चक्रात आमची बाजू नारिंगी होती. खड्डा खणला. टकटक सुरू झाली. मनगटाच्या दहा झाल्या, कोपराच्या चौथ्या टकटकीला वरचा थर खांबावरून सुटला आणि अख्खा पुढे आला. सुटलेली जागा आरशासारखी गुळगुळीत होती.

काकांनी ती जागा बघितली. हातमोज्याने तिच्यावरून हात फिरवला. मग फावड्याने खड्डा बुजवायला लागले आणि मान वर न करता म्हणाले, "डावीकडच्या कडेला वाऱ्याने बर्फ साफ झालेला दिसतोय. कडेकडेने गेलो तर जायला हरकत नाही."

ते आधी बोलले होते.

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, मग सॅकचा पट्टा उगाचच आवळला. आधी मी बोलायला हवं होतं. मी काकांचा चेहरा बघितला. तो इतका आशेने भरलेला होता की मला तो बघवेना.

"चालेल," मी म्हणाले.

"ओके काका," सोनल म्हणाली.

"चला मग," मिलिंद म्हणाला.

काका पुढे, त्यांच्यामागे मी, मग ते दोघं. गुडघा दुखत असणार, तरी ते भराभर चालत होते. पन्नासएक पावलं गेलो असू. पायाखाली, खोल कुठेतरी, धप्प असा आवाज झाला, वरच्या खोलीत कुणी गादी टाकावी तसा. आणि काकांच्या बुटापासून उजवीकडे हातभर लांब, केसाएवढी बारीक भेग पळत गेली.

काका थांबले. एक क्षणभर. मग त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.

त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. तो आवाज म्हणजे आतला थर बसला. ती भेग म्हणजे वरचा थर सुटायला बघतोय. ह्यावर चर्चा नसते. बर्फ स्वतः सांगतोय तेव्हा खड्डासुद्धा खणायचा नाही, मागे फिरायचं. त्यांनी ऐकलं होतं हे मला पक्कं माहीत होतं आणि मी ऐकलंय हे त्यांना माहीत होतं. मी काय सांगणार होते? अकरा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला, गुडघा संपलेल्या माणसाला, ज्याच्या घरात मी जेवते त्याला, आजचा हा लख्ख दिवस सोडून दे? माझ्या मनात खरंच असाही विचार आला की कदाचित काही होणार नाही. ह्या विचाराची मला आजही लाज वाटते, कारण माझ्यामागे सोनल आणि मिलिंद चालत होते.

"काका, नाही."

आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं त्यांना ऐकूच गेला नाही. पण ते थांबले. पाठमोरेच. समोर वरती माथ्याची कड उन्हात चमकत होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ वाटत होती. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग वळले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकेक जण. मधे अंतर ठेवून. आपल्याच पावलांवरून. मिलिंद, तू आधी."

कारण विचारलं नाही.

खाली कार पार्कमध्ये आम्ही बूट काढत होतो तेवढ्यात तीन तरुण पोरं वरून उतरून आली. लालबुंद गाल, हसू ओसंडून चाललेलं. त्याच उतारावरून ती आमच्यानंतर वर गेली होती आणि त्याच उतारावरून खाली आली होती. "ॲब्सोल्यूटली स्टनिंग अप देअर!" त्यातला एक काकांना म्हणाला. "यू शुड हॅव कम!"

"गुड, गुड. वेल डन," काका म्हणाले आणि लेस सोडवत राहिले.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. लेस्टरपर्यंत काका गाडीत एकदाच बोलले, आणि ते म्हणजे "हीटर कमी कर."

घरी आल्यावर पंधरा दिवस असेच गेले. सकाळी चहा, हो-नाही, बस. कोनमापक खिशातून बाहेर आला नाही. काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "काय झालं गं तिकडे? हे पावावर टकटकसुद्धा करत नाहीत." मी मनाशी ठरवलं की दुसरी खोली शोधायची. म्हाताऱ्या माणसाचं एकुलतं एक मागणं मी हिरावून घेतलं होतं, आणि तेही कशासाठी, तर जी घडलीच नाही अशा गोष्टीसाठी. शेवटी एका रविवारी ते एकटेच टेबलाशी बसलेले असताना मी समोर जाऊन उभी राहिले.

"काका, मला माफ करा. ती पोरं जाऊन आली. मी उगाच घाबरले."

त्यांनी असं काही डोळे वटारले की मी मागे सरकले.

"माफी? कसली माफी? ती जाऊन आली म्हणून ती बरोबर होती असं तुला कुणी सांगितलं? लाल सिग्नल तोडून कुणी सुखरूप पलीकडे गेला तर सिग्नल खोटा होतो का? तू टेस्टर ना? एकदा प्रोग्राम चालला म्हणून पास करतेस?"

"नाही."

"मग?"

"मग तुम्ही माझ्याशी बोलत का नाही?"

टेबलावरचा कप त्यांनी उगाच इकडचा तिकडे केला.

"मला लाज वाटते गं," ते म्हणाले. "तो आवाज मी ऐकला होता. भेगही बघितली. तू बोलली नसतीस तर मी तुम्हा तिघांना घेऊन गेलो असतो. आणि चूक तिथे नाही झाली. चूक त्याआधीच झाली, खड्ड्याशी. मी आधी बोललो. ॲलनने मला बोलतं केलं आणि मी तुमची तोंडं बंद केली. तू 'चालेल' म्हणालीस ते मला ऐकू आलं होतं. तू 'चालेल' म्हणालीस आणि मी चालायला लागलो."

मी रडायला लागले. काकू भाजीची पिशवी घेऊन दारात आल्या, आमच्याकडे आळीपाळीने बघून म्हणाल्या, "आता कुणी काय फोडलं?"

एप्रिलमध्ये ऑपरेशन झालं. नंतरचे महिने सोनलने काकांना सळो की पळो करून सोडलं. रोज संध्याकाळी लेस्टरहून व्हिडिओ कॉल. "काका, वाकवा! अजून! रडू नका, माझे पेशंट रडत नाही!" काका जिना चढायचे, उतरायचे, जिन्याचा कोन आम्हाला सांगायचे आणि सोनलला शिव्या घालायचे. जूनमध्ये ते ट्राम स्टॉपपर्यंत चालत गेले आणि एका नव्या छपराला त्यांनी सत्तेचाळीस अंश दिले. घरी आल्यावर पावावर टकटक ऐकू आली आणि काकूंनी माझ्याकडे बघून देवाला हात जोडले.

पुढच्या मार्चमध्ये आम्ही चौघं परत त्या उताराच्या पायथ्याशी होतो. ह्या वेळी दिवस अगदीच भिकार. राखाडी ढग, कुंद हवा. पण आठवडाभर दिवसा वितळून रात्री गोठून बर्फ जुना, घट्ट झालेला होता, आणि चक्र सगळीकडून हिरवं. काकांना गुडघे टेकता येत नव्हते म्हणून खड्डा मी खणला. टकटकही मीच केली. ते वर उभे राहून मोजत होते. मनगटातून दहा. कोपरातून दहा. खांद्यातून दहा, माझा खांदा भरून आला. खांब जागचा हलला नाही.

आम्ही गोल उभे राहिलो. आमच्यात नवीन कुणी आलं नव्हतं, तेव्हा अजूनही आधी मीच. काका जमिनीकडे बघत होते. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्यांनी टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली होती.

"जाऊ या," मी म्हणाले.

"जाऊ या," सोनल म्हणाली.

"जाऊ या," मिलिंद म्हणाला.

काकांनी उताराकडे बघितलं, खड्ड्यात बघितलं, आमच्या तिघांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. मग म्हणाले, "बरं."

दर वीस पावलांना थांबत आम्ही वर गेलो. सोनल त्यांच्या मागे, एक हात कायम त्यांच्या सॅकपाशी. कड ओलांडली आणि सपाटी लागली, आणि सपाटीवर, ढगात अर्धवट दिसणारा, बर्फाने थापलेला दगडांचा एक ढीग. बाकी काहीच दिसत नव्हतं. दरी नाही, पलीकडचे डोंगर नाहीत, सगळं पांढरं. काका त्या ढिगापाशी गेले, त्याच्यावर हात ठेवला आणि श्वास लागलेला असताना कितीतरी वेळ नुसते उभे राहिले. मग आमच्याकडे वळले. डोळे भरलेले, आणि चेहरा पार गोंधळलेला.

"आता इथे काय करायचं असतं रे?" त्यांनी विचारलं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्यातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं.